जोडखुर्ची

केमोचं सलाइन सुरू झालं तसा मालिनी तांडेलने डबा उघडला. भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण. वास येताच शेजारच्या खुर्चीतले डॉक्टर परचुरे बादलीत ओकले. औषध मालिनीच्या शिरेत जात होतं. मळमळ मात्र दोघांच्या मानेला जोडलेल्या तारेतून परचुरेंच्या पोटात उतरत होती. कोर्टाचा तसा हुकूमच होता.

ऑपरेशननंतर तिच्या पोटातला कॅन्सर उलटला, तेव्हा ती पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे गेली होती. त्यांनी दुर्बीण घातलीच नाही. “ॲसिडिटी आहे, तिखट कमी खा,” एवढंच म्हणाले.

“डबा बंद करा ना, बाई,” परचुरे कळवळले.

“का हो? तिखट जास्त झालंय?”

तेवढ्यात वॉर्डच्या डॉक्टर स्कॅन घेऊन आल्या. “मालिनीताई, गाठी गेल्या! पुढचा डोस नको आता.”

परचुरे हात जोडून रडू लागले. मालिनीने त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं.

“पुढचा डोस द्याच मला,” ती म्हणाली.

“अहो, विष तुमच्याच अंगात जाणार!” वॉर्डच्या डॉक्टर म्हणाल्या.

“जाऊ दे,” म्हणत तिने पुढचा घास घेतला.