थुंकलेली गोळी

लवंगीने गोळी थुंकली ती थेट सिस्टरच्या पांढऱ्या बुटावर. हिरवी, साखरेची, बडीशेपेच्या उग्र वासाची, नुकतीच तोंडात टाकलेली. वर म्हणाली, "शी, घाण आहे. मला नको ही."

आईने कपाळाला हात लावला. पहिल्यांदा हीच गोळी लवंगीने मिटक्या मारत चोखली होती. आणखी एक मिळावी म्हणून सिस्टरला लाडीगोडीही लावली होती. आता तीही नकोशी झाली.

लवंगी हे तिचं वॉर्डातलं नाव. मूठभर जीव, पण सुई टोचणाऱ्याला असं काही सुनवायची की पुढच्या वेळी तो आधी तिचा चेहरा बघून मगच आत पाऊल टाकायचा. रक्ताचा कॅन्सर होता. औषध लागू पडतंय, असं मोठे डॉक्टर दर फेरीला सांगायचे. घोडं अडलं होतं ते खाण्यापाशी. वजन उतरतच चाललं होतं. आज आणखी उतरलं तर नाकातून नळी घालायची, असं ठरलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या मुलाची नळी लवंगीने बघितली होती. तेव्हापासून नळीचं नुसतं नाव काढलं की ती दोन्ही हातांनी नाक धरून बसायची.

आईने काय करायचं बाकी ठेवलं होतं? सलाइनच्या दिवशी पहाटे उठून ती लेकीच्या आवडीचंच काहीतरी घेऊन यायची. एवढं कडक औषध अंगात जाणार, पोटाला आधार नको? पहिल्या सलाइनला तिने दूध आणलं. लवंगीने पेला रिकामा केला आणि संध्याकाळी ओकून ओकून बेजार झाली. त्यानंतर दुधाचा वास आला तरी तोंड फिरवायची. पुढच्या वेळी अंडं आणलं, तेही गेलं. मग केळं गेलं. सरतेशेवटी उरला उकडून लोण्यात कुस्करलेला बटाटा.

आणि सिस्टरने नेमका तोच अडवला. "सलाइनच्या दिवशी बटाटा आणू नका, ताई. ज्याचं तिला प्रेमही नाही आणि रागही नाही, असं साधंसुधं काहीतरी द्या. मग औषध सुरू व्हायच्या आधी मी तिला ही गोळी देईन."

सिस्टर आजारी मुलांच्या खाण्यावर संशोधन करत होती. मंजुरी, सह्या, सगळं रीतसर. सही घेताना तिने आईला शेजारी बसवून सगळं नीट समजावलंही होतं. पण त्या दिवसांत आईला माणसांचे ओठ हलताना दिसायचे, शब्द आत शिरायचे नाहीत. तिने मान डोलावली आणि सही केली. पुढे तिला एवढंच दिसत राहिलं, की लेकीच्या तोंडचा घास काढून ही बाई तिच्या हातावर गोळी ठेवते. तरी तिने कुरकुरत का होईना, ऐकलं. बटाटा घरी राहिला, गोळी चालू राहिली आणि ओकाऱ्याही चालूच राहिल्या.

आज सलाइन नव्हतं. फक्त तपासणी आणि वजन. आल्या आल्या सिस्टरने गोळी पुढे केली होती आणि ती आता बुटावर होती.

"बघितलंत?" आईचा आवाज चढला. "एक गोळी तेवढी आवडायची, तीही गेली. आता माझ्या लेकीला काहीच गोड लागत नाही."

सिस्टरने कापसाने बूट पुसला. ती चक्क हसत होती. हिच्या कानाखाली एक ठेवून द्यावी, असं आईला क्षणभर अगदी मनापासून वाटलं.

लवंगी काट्यावर चढली. वजन उतरलेलंच होतं. मोठ्या डॉक्टरांनी आकडा बघितला आणि उसासा टाकून नळीचं पाकीट ट्रेमध्ये ठेवायला सांगितलं. लवंगीचे दोन्ही हात नाकावर गेले.

"सर, थोडा वेळ द्या," सिस्टर म्हणाली. मग आईकडे वळली. "ताई, बटाटा शेवटचा कधी दिलात?"

"दिलाच नाही." आईने पिशवी पोटाशी धरली. "सलाइन नसेल त्या दिवशी करते. डबा बरोबर घेऊन फिरते. पण उघडायचा धीर होत नाही. तोही नको म्हणाली, तर माझ्याकडे उरलं काय?"

"आज उघडा."

आईने डबा काढला. झाकण निघेना. शेवटी सिस्टरनेच ते फिरवून उघडलं. लोण्याचा वास खाटेवर पसरला. लवंगीने नाकावरचा एक हात काढला. मग दुसरा.

"मला का दिला नाहीस इतके दिवस?" ती आईवरच डाफरली आणि चमचा ओढून घेतला.

पहिला घास गेला. दुसरा गेला. शेजारच्या खाटांवरच्या आया बघत राहिल्या. लवंगीने डब्याचा तळ खरवडला, चमचा चाटला आणि अजून आहे का म्हणून पिशवीत डोकावली. मोठ्या डॉक्टरांनी ट्रेमधलं पाकीट उचलून स्वतःच कपाटात टाकलं. "अशीच खात राहिलीस तर हे तिथून निघत नाही," ते म्हणाले. आई रडतही होती आणि हसतही होती. असं तिला कित्येक दिवसांत जमलं नव्हतं.

डोळे पुसून ती सिस्टरला म्हणाली, "तुमची गोळी तेवढी फुकट गेली बघा."

"फुकट कशी? ओकारीचा राग जिभेला कुणावर तरी काढायचाच असतो. आधी तो तुमच्या दुधावर निघाला, मग अंड्यावर, मग केळ्यावर. या वेळी बटाट्याच्या जागी मी गोळीला उभं केलं." सिस्टरने रिकामा डबा आईच्या हातात ठेवला. "तिने ती थुंकावी म्हणूनच तर देत होते, ताई."