सरांचा अंगठा

डॉक्टर खातू राउंडला क्वचितच यायचे. सिस्टर पंचशीला पेशंटचं बीपी, रिपोर्ट सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. मिनिटभरात सरांचा अंगठा यायचा, की ती निर्धास्त.

आज सरांनाच अटॅक आला. ते वॉर्डातल्याच बेडवर बेशुद्ध होते, फोन उशाशी पडलेला. दुसरे डॉक्टर केबिन रोडवरच्या घरून निघाले होते. त्यांना कळावं म्हणून तिने ग्रुपवर टाकलं, "खातू सर. बीपी सत्तर-चाळीस. अजून उतरतंय."

मिनिटभरात सरांचा फोन उजळला. कुणी हात न लावता त्यावरून ग्रुपवर अंगठा गेला.

शेजारच्या बेडवरून सरोजाबाईंनी विचारलं, "सिस्टर, काल माझे रिपोर्ट सरांनी बघितले म्हणालात ना? मग ही गोळी घेऊ?"