रेशमी सोवळं

“आजी चावते!” म्हणत शर्वी सुनेच्या मागे दडली.

टोरांटोला लेकाच्या घरी अखंड हीटर, हवा पार कोरडी. त्यात माझं रेशमी सोवळं गालिच्यावर घासतं आणि प्रसाद देताना नातीच्या बोटाला विजेचा बारीक चटका बसतो. आता ती जवळच येईना, नि माझं जपात चित्त लागेना. ओलाव्यात चटका बसत नाही, असं सून म्हणाली.

आज सुती लुगडं भिजवलं, पिळलं आणि ओलेत्यानंच पूजेला बसले.

“आई, न्यूमोनिया होईल!” लेक ओरडला.

“होऊ दे. पोर तर जवळ येईल.”

अभिषेक चालू असताना पारोशी शर्वी मागून आली. माझ्या पाठीला भीतभीत बोट लावून पाहिलं आणि सरळ मांडीवरच बसली.

सोवळं मोडलं. नैवेद्य अजून व्हायचा होता.

“जरा थांब हं,” मी देवाला म्हटलं.