सव्विसावा प्रश्न

मुलाखतीच्या खोलीत प्राध्यापक हसतच शिरले. मानसशास्त्रात सुवर्णपदक, परदेशातली डॉक्टरेट, माणसाच्या सुखसमाधानावर तीन जाडजूड पुस्तकं. नव्या संशोधन केंद्राचं संचालकपद खिशात असल्यासारखे ते खुर्चीत टेकले.

समितीत बाहेरून बोलावलेली एक तज्ज्ञ होती. तिच्याकडे पाहून त्यांनी मान लववली, पण ओळखलं नाही. तिचे केस पिकले होते, समोरच्या पाटीवर सासरचं आडनाव होतं. अठरा वर्षांपूर्वी ती त्यांचीच विद्यार्थिनी होती. "काम कच्चं आहे," म्हणून त्यांनी तिचा प्रबंध परत केला आणि वर्षाच्या आत तिची प्रश्नावली आपल्या नावानं पुस्तकात छापली. तिला दुसऱ्या विद्यापीठात श्रीगणेशापासून सुरुवात करावी लागली.

तिची पाळी आली.

"तुमच्या प्रश्नावलीतला सव्विसावा प्रश्न. 'आज तुम्हाला कोणी नावानं हाक मारली का?' हा कसा सुचला?"

प्राध्यापक खुलले. "फार हळवी आठवण आहे. मी स्वतः वृद्धाश्रमात महिनाभर राहिलो. तिथे एक आजोबा होते..."

तिने त्यांना पुरतं बोलू दिलं. गोष्टीतल्या आजोबांचे डोळे भरून आले, सांगताना प्राध्यापकांचेही आले. समितीचे अध्यक्ष मान डोलावत होते.

मग तिने पिशवीतून पिवळा पडलेला गठ्ठा काढून अध्यक्षांपुढे सरकवला. प्रश्नावलीसाठी तिने वृद्धाश्रमांत हाताने भरलेले सहाशे बारा अर्ज. प्रत्येकावर तारीख, खाली तिची सही. कोपऱ्यात प्राध्यापकांच्या अक्षरात 'तपासले'.

"आजोबा नव्हते," ती म्हणाली. "आजी होत्या. खाट क्रमांक सात. वरचाच अर्ज आहे, वाचा."

अध्यक्षांनी चष्मा चढवून वाचलं, "'इथे मला सगळे सात नंबर म्हणतात, बाई. माझं नाव घेणारं कोणी उरलं नाही.'" त्यांनी तारीख पाहिली. पुस्तकाच्या दोन वर्षं आधीची होती.

प्राध्यापकांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्याचा रंग उडाला.

"तू?"

अठरा वर्षं आवळून धरलेलं काहीतरी तिच्या छातीत सैल झालं. तिने पेनाचं टोपण काढलं.

"'तुम्ही' म्हणायचं, सर. मुलाखत अजून संपलेली नाही."