गल्लीच्या तोंडापर्यंत

औरंगपुऱ्यातल्या दुकानात प्रत्येक राउटर हातात घेऊन सरूबाई एकच विचारत होती, "याची रेंज गल्लीच्या तोंडापर्यंत जाईल का?"

"आई, आपल्याला नेट घरात पाहिजे, गल्लीत नाय," राजकुमार म्हणाला. तरी तिनं सगळ्यात महागाचा राउटर घ्यायला लावला.

घरी तो जोडायला बसला, तर तिचा दुसरा हट्ट. "नाव अन् पासवर्ड जुनाच ठेव. इंद्रजीतचा मोबाईल आपोआप लागला पाहिजे."

राजकुमारला भरून आलं. धाकटा इंद्रजीत वडिलांशी भांडून घरातून निघून गेला, तो वडील वारले तेव्हाही आला नव्हता. कुठं असतो, कुणालाच ठाऊक नव्हतं. आईच्या समाधानासाठी त्यानं जुनाच पासवर्ड टाकला. वायफायला कुणाचा मोबाईल लागलाय ते दाखवणारं ॲपही घेऊन ठेवलं, पोरांवर लक्ष ठेवायला.

काही दिवसांनी, ऐन दिवेलागणीला, त्याचा मोबाईल वाजला. ॲपवर नवं नाव आलं होतं. इंद्रजीत.

"आई, तो बाहेर हाय!" म्हणत राजकुमार दाराकडं धावला.

सरूबाईनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"जाऊ नको. मागं मी हाक मारली, तर पळून गेला. मग लई दिवस फिरकला नाय." तिचा आवाज कुजबुजीएवढा झाला होता. "लांबून का होईना, घर बघू दे त्याला."