गोलूतलं मिचौंग

"लॉरी काढ ती," विद्यालक्ष्मी म्हणाली. "पाहुणे यायच्या आत काढ."

तुळसी जमिनीवर फतकल मारून एका बाहुलीचा हात डिंकानं चिकटवत होती. तशी ती वरच्या मजल्यावरची शेजारीण, पण नवरात्रात विद्यालक्ष्मीच्या गोलूची, म्हणजे बाहुल्यांच्या आराशीची, अर्धी मालकीण. पायऱ्यांवर देवांच्या बाहुल्या मांडायच्या विद्यालक्ष्मीनं आणि पायथ्याशी देखावा करायचा तुळसीनं, असा चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या त्या इमारतीतला रिवाज. एरवी तुळसी क्रिकेटची मॅच मांडायची, नाहीतर लग्नाचा हॉल. यंदा तिनं दोन वर्षांपूर्वीचं मिचौंग वादळ मांडलं होतं.

आणि मांडलं होतं, काय सांगावं! निळ्या रांगोळीचा समुद्र. त्यातून पांढऱ्या भोवऱ्यांची वादळाची वाट. दक्षिणेकडून चढत येते, चेन्नईच्या दाराशी थबकते आणि मग वर आंध्रात जाऊन किनाऱ्याला लागते. "आपल्याकडं लागलंच नाही म्हणे," तुळसी येईल त्याला सांगायची. "नुसतं दारात उभं राहिलं की. उभ्या उभ्या बुडवलं!" समुद्राच्या मागं आरशाच्या काचेचं पाणी, पाण्यात ही इमारत, तरंगत्या स्कूटर, आडवा झालेला फ्रिज, खिडक्यांतून आणि गच्चीवरून हात करणारी माणसं. मधोमध पिवळी लॉरी.

ती लॉरी वाणीची. वाणी म्हणजे विद्यालक्ष्मीची एकुलती एक मुलगी. गिंडीच्या वर्कशॉपांतले सुटे भाग ओरगडमच्या मोटार कारखान्यांना पोचवते, स्वतः लॉरी चालवून. आज तिला बघायला सुनंदाबाई यायच्या होत्या. मूळच्या नाशिकच्या, आता इथंच अड्यारला असतात, मुलगा आशिष चांगल्या नोकरीत. मुलगी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे, असं विद्यालक्ष्मीनं त्यांना कळवलं होतं.

"अय्यो अक्का, लॉरीच काढली तर माझ्या देखाव्यात उरलं काय?"

"उरेल ते उरेल. लॉरी चालवणारी सून कोण करून घेतं ग? आधीची स्थळं अशीच गेली."

तुळसीनं डिंकाची बाटली आपटली आणि जिना चढून निघून गेली. विद्यालक्ष्मीनं लॉरी उचलली, वरच्या पायरीवर राम-सीतेच्या मागं दडवली. वाणी दारातून हे बघत होती, रेशमी साडीत पार अवघडलेली. वाईट वाटलं तिला, पण ती कॉफीचे पेले पुसायला गेली. आईचा सगळा जीव या लग्नात अडकला होता.

सुनंदाबाई आल्या त्या हौसेनं. हळदीकुंकू झालं, हरभऱ्याचं सुंडल खाऊन झालं, "तुमचं तंजावरी मराठी किती गोड हो" हेही म्हणून झालं. पोरगी पसंत पडल्याचं तर तोंडावर दिसतच होतं. मग गुडघ्यांवर हात टेकून त्या देखावा बघायला वाकल्या.

"अगबाई, हे तर मिचौंग! आमचा आशिष तेव्हा बंगळूरला होता म्हणून सुटला बिचारा." वादळाची वाट त्यांनी बोटानं वरच्यावर गिरवली, पार इमारतीपर्यंत आल्या आणि थांबल्या. "पण ही माणसं हात कुणाला करताहेत?"

विद्यालक्ष्मीनं पाहिलं. खरंच की. गच्चीतल्या, खिडक्यांतल्या, झाडून सगळ्या बाहुल्या एकाच जागेकडं हात करत होत्या आणि त्या जागी नुसती काच होती. कुणी आलंच नाही त्यांच्यासाठी, असंच ते दिसत होतं. जिन्याच्या खिडकीतली एक तर कमरेपासून बाहेर वाकली होती. तिच्या अंगावर विद्यालक्ष्मीच्याच जुन्या हिरव्या साडीचा तुकडा होता.

देवाला करताहेत, असं म्हणता आलं असतं. नवरात्रात खपूनही गेलं असतं. अगदी ओठांवर आलं होतं तिच्या.

ती उठली. राम-सीतेच्या मागून लॉरी काढली आणि काचेवर मधोमध ठेवली.

"माझ्या मुलीला करताहेत," ती म्हणाली. "ही हिरव्या साडीतली मी. तळमजला बुडाला होता, सगळी इमारत जिन्यात आणि गच्चीत. वरच्या मजल्यावर तुळसीची सून, कळा सुरू झालेल्या. फोन बंद, गल्लीत छातीभर पाणी. आणि कोपऱ्यावर ही लॉरी दिसली. मी 'वाणी, वाणी' म्हणून घसा फोडला. तिनं आधी त्या पोरीला काढलं, मग म्हातारीकोतारी. मला म्हणाली, अम्मा, तू शेवटच्या खेपेला. तू माझी आहेस, तू थांबशील." तिची मान ताठ होती. "थांबले मी. सगळ्यात शेवटी चढले. असा अभिमान मला आयुष्यात कशाचा वाटला नाही, बाई."

वाणीच्या हातात कॉफीचा ट्रे होता. तो तिनं खाली ठेवला आणि ती आईशेजारी येऊन उभी राहिली. आईच्या तोंडून हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"म्हणजे ऑफिसात नाही?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"नाही. खोटं सांगितलं मी तुम्हाला. लॉरी चालवते, रोज."

सुनंदाबाईंनी ती पिवळी लॉरी बोटानं जराशी पुढं ढकलून पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "पण लग्नानंतर सोडेल ना?"

"वादळ काय लग्न झालंय का विचारून येतं?" विद्यालक्ष्मी म्हणाली. "सोडायची नाही ती. तुमच्या आशिषलाच विचारा, शेजारच्या सीटवर बसायला जमेल का."