पहिलीच्या हातची ओटी

जागेश्वर दुसरेपणासाठी मुलगी पाहायला कन्हानला निघाला, तेव्हा त्यानं भागीरथालाही सोबत घेतलं. पहिल्या बायकोच्याच हातून ओटी भरली, म्हणजे लोकांची तोंडं बंद. बारा वर्षं मुलासाठी उपास करून वांझ ठरलेली भागीरथा मुकाट निघाली. नारळ मात्र तिनं स्वतः निवडला.

मुलीच्या बापानं भीत भीत विचारलं, "बाई, तुमची काही हरकत?"

"हरकत काहून राहीन, भाऊ?" तिनं मुलीला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. "फक्त ध्यानात ठेव वं बाई. यायले पुन्हा परमा झाला, तं तूही दवाखान्यात जाऊन सुया घे. लग्नाच्या पहिल्याच साली यायनं तो गुप्तरोग बाहेरच्या बाईपासून आणला अन् एकट्यानंच सुया घेऊन बरे झाले. मले सांगतलं, मलेरिया आहे. मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाई यायचे जुने कागद पाहून बोलल्या, त्याच रोगानं माह्या नळ्या बंद झाल्या."

जागेश्वर ताडकन उठला.

"बसा नं," भागीरथा म्हणाली. "सुया तुमी घेतल्या, उपास म्या केले. आता तुमी काहून उपाशी जाता? पोहे खाऊन घ्या."